जुनी पिकअप: इंजिनकाम करून वापरावी की विकून दुसरी घ्यावी?

द्राक्षबाग (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. एका निर्णयात अडकलोय, म्हणून हा धागा.

मी निफाड तालुक्यातला. वडिलांनी २०१० साली नवी पिकअप घेतली, अडीच लिटरचं टर्बो डिझेल इंजिन. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर चर्चा 'ही चांगली की ती' वर जाईल. किलोमीटरचा काटा ३,१२,००० ला बंद पडला, त्याला दोन सीझन झाले. वडील जाऊन तीन वर्षं झाली, तेव्हापासून गाडी मीच चालवतो.

दुखणी अशी: हजार किलोमीटरला दीड लिटर ऑइल खाते. चढाला लोड असला की मागून निळा धूर. दुसरा गिअर उतारावर सुटतो, हातानं धरून ठेवावा लागतो. मागच्या डाव्या पाट्याच्या (स्प्रिंगच्या) हँगरजवळ चेसीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, चीर गेली होती, ती दोन वर्षांपूर्वी वेल्डिंगनं भरून घेतली. दिवाळीनंतर पासिंग (आरटीओची फिटनेस तपासणी) आहे.

काम: ऑगस्ट ते नोव्हेंबर घरचे आणि शेजारच्या दोघांचे टोमॅटो पिंपळगाव बसवंतला, जानेवारी ते एप्रिल द्राक्षं, मधे कांदा लासलगावला. वर्षाला साधारण १४,००० किलोमीटर. मे ते जुलै गाडी शेडमध्येच.

गॅरेजवाल्यानं सांगितलेला खर्च: इंजिनकाम (बोअर, पिस्टन-रिंग, बेअरिंग, हेड, पंप-नोझल) ८५,०००, गिअरबॉक्स २२,०००, हौदा-पत्रा-रंग आणि पासिंगची तयारी ३५,०००. एकूण १,४२,०००. आहे तशी विकली तर १,६०,००० ला गिऱ्हाईक तयार आहे. नवी गाडी हौद्यासकट रस्त्यावर ९,८०,००० ला पडते, त्यात ८ लाख कर्ज काढावं लागेल.

आई म्हणते, गाडीनं अजून कधी दगा दिला नाही, ठेव. बायको म्हणते, ऐन टोमॅटोत अडली तर? दोघींचंही पटतं, म्हणून इथे विचारतोय.

पांदण
नवी घ्या. तीन लाखांवर पळालेल्या गाडीत दीड लाख घालायचे आणि सहा महिन्यांनी डिफरन्शियल ओरडायला लागायचं. आमच्याकडे हेच झालं होतं.

हिशेबनीस
आकडे दिलेत हे फार बरं केलंत. जरा मांडून बघू.

८ लाख कर्ज, ११ टक्के, ५ वर्षं धरली तर हप्ता येतो १७,४०० च्या आसपास. वर्षाचे २,०८,८००. तुमच्या १४,००० किलोमीटरवर वाटले तर किलोमीटरला १५ रुपये, तेही डिझेल टाकायच्या आधी. शिवाय मे ते जुलै गाडी शेडमध्ये असली तरी हप्ता शेडमध्ये बसत नाही.

जुनीवर १,४२,००० घातले, वर दरवर्षी ४०,००० किरकोळ कामाला धरले आणि गाडी फक्त ३ वर्षं चालली, तर किलोमीटरला सव्वासहा रुपये.

विम्यात थर्ड पार्टी दोन्हींना सारखाच: ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला २०२२ च्या दरानं १६,०४९ रुपये, जीएसटी वेगळा. पण नवीवर कर्ज असल्यामुळे पूर्ण विमा काढावाच लागतो, तो खर्च वरचा. माझं मत: दुरुस्ती.

पांदण
हिशेबनीस, एक बाजू सुटली. ५ वर्षांनी नवी गाडी हातात राहते ना? तिचे पैसे कुठे धरलेत?

हिशेबनीस
बरोबर पकडलंत, सुटलंच होतं. पुन्हा मांडतो.

नवी: हप्ते १०,४४,००० अधिक हातचे १,८०,०००, वजा ५ वर्षांनी विकून ५ लाख (गाडी नीट ठेवली तर). राहिले ७,२४,०००. भागिले ७०,००० किलोमीटर, म्हणजे १० रुपये ३४ पैसे.
जुनी: ३ वर्षांत तिचीही किंमत ४०,००० नं उतरेल असं धरलं तर सव्वासहाचे होतात सव्वासात.

फरक किलोमीटरला ३ रुपये, वर्षाला ४० ते ४५ हजार. मघाशी मला हा फरक सव्वा लाखाचा वाटत होता. आता प्रश्न वेगळाच झाला: ऐन सीझनमध्ये गाडी न अडण्यासाठी वर्षाला ४५,००० मोजायचे का? त्याचं उत्तर माझ्याकडे नाही, बागवाल्याकडेच आहे.

मेस्तरी_सिन्नर
भाऊ, थांबा जरा. ८५,००० कशाला घालायचे हे अजून ठरलेलंच नाही. ऑइल खाते म्हणजे रिंगाच गेल्या असं नसतं. तुमच्या गाडीला टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) आहे. टर्बोचं सील गेलं तरी निळाच धूर येतो आणि ऑइल तितकंच खाते.

तीन गोष्टी घरच्या घरी बघा, पान्याशिवाय काही लागत नाही.

एक. इंजिन तापल्यावर स्लोवर चालू ठेवा आणि ऑइल भरायचं झाकण काढून तोंडावर हात धरा. भस्सकन धूर येऊन हाताला ढकलत असेल तर रिंगा-पिस्टनचं काम आहे. नुसती गरम वाफ लागत असेल तर बोअर अजून बरा आहे.

दोन. इंजिन बंद करून टर्बोकडून इनटेककडे जाणारा रबरी पाइप सोडा आणि आत बोट फिरवा. थोडा ओशटपणा चालतो. बोट ओलं होऊन ऑइल ठिबकत असेल तर चोर टर्बो आहे. त्याच वेळी टर्बोचा पंखा बोटानं वर-खाली हलवा, प्ले (ढिलेपणा) लागला तर शंका नको.

तीन. धूर नेमका कधी येतो ते आठवा. सकाळी पहिल्या स्टार्टला भपकारा येऊन थांबतो की घाट उतरून परत ॲक्सिलरेटर दिल्यावर येतो? तसं असेल तर वॉल्व्ह सील. सतत लोडवर येत असेल तर रिंगा नाहीतर टर्बो.

आणि हे सगळं नंतर. आधी चेसी. इंजिन नवं घालता येतं, गिअरबॉक्स बदलता येतो, चेसी गेली की गाडी गेली. त्या भरलेल्या चिरेचा फोटो टाका.

लाल_माती
मला एक कळत नाही. २०१० ची गाडी म्हणजे १५ वर्षं झाली. आता ती भंगारातच द्यावी लागते ना? मग दुरुस्तीचा प्रश्न येतोच कुठे?

घाटमाथा
नाही. हा गैरसमज सगळीकडे पसरलाय, कारण दिल्लीच्या बातम्या इथे वाचल्या जातात. १० वर्षांवरचं डिझेल आणि १५ वर्षांवरचं पेट्रोल चालवायचं नाही हा राष्ट्रीय हरित लवादाचा आदेश दिल्ली आणि तिच्या राजधानी क्षेत्रापुरता होता, सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये तो कायम ठेवला. महाराष्ट्रात वयाची तशी सरसकट मर्यादा नाही. १३ ऑगस्ट २०२१ ला जाहीर झालेलं भंगार धोरण खासगी मालकांना ऐच्छिक आहे. गाडी फिटनेसमध्ये पास झाली तर चालवता येते.

मालवाहू गाडीला ८ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी पासिंग, त्यानंतर दरवर्षी. १ एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरच्या गाड्यांची फिटनेस फी चांगलीच वाढलीय आणि ८ वर्षांनंतर पर्यावरण कर आहेच. या दोन्ही रकमा आरटीओत विचारून हिशेबात घाला. २०१९ च्या आधीची गाडी असल्यानं नवी सुरक्षा नंबरप्लेटही लागेल, ती बसवली नसेल तर पासिंगला अडवतील.

अधिकृत केंद्रात भंगारात दिली तर प्रमाणपत्र मिळतं आणि त्यावर नव्या मालवाहू गाडीच्या रोड टॅक्समध्ये १५ टक्क्यांपर्यंत सूट मिळू शकते. पण चालू गाडीला १,६०,००० देणारा दारात उभा असताना त्या वाटेला जाऊ नका.

अजून एक. मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झाला. तुमचं कोटेशन त्याआधीचं असेल तर नवं मागवा.

दूधफेरी
मी कोल्हापूर जिल्ह्यातली. आमचं दूध संकलन आहे, म्हणून नव्या गाडीची दुसरी बाजू सांगते.

दोन वर्षांपूर्वी जुनी काढून नवी बीएस-६ (नव्या प्रदूषण निकषांची) पिकअप घेतली. गाडी गुणी आहे, स्टेअरिंग हलकं, ब्रेक घट्ट, ड्रायव्हरची पाठ दुखायची थांबली. पण आमची फेरी ३२ किलोमीटरची आणि दर अर्ध्या किलोमीटरला थांबा. इंजिन पुरतं तापतच नाही. बीएस-६ डिझेलच्या धुराच्या वाटेत काजळी अडवायची गाळणी असते, डीपीएफ म्हणतात. गाडी सलग पळाली की ती काजळी आत जळून जाते, आमच्या फेरीत ती साचतच राहते. तिसऱ्या महिन्यात डॅशबोर्डवर दिवा लागला, गाडीची ताकद अर्ध्यावर आली आणि ४०० लिटर दूध घेऊन आमचा माणूस चढावर उभा.

आता दर रविवारी गाडी हायवेला नेऊन ४० मिनिटं एका दमात पळवून आणतो. तेव्हापासून दिवा लागला नाही. द्राक्षबागदादा, तुमच्या फेऱ्या लांब असतील तर हा त्रास होणार नाही, पण शेत ते मार्केट एवढंच असेल तर घ्यायच्या आधी नीट विचारून घ्या. आमच्याकडं हे कुणी सांगितलंच नव्हतं बघा.

मालवणचो
मेस्तरी म्हणतात ते शंभर टक्के खरं, चेसी आधी. माझी गाडी मासळी वाहते. बर्फाचं पाणी खारट होऊन हौद्यातून खाली झिरपतं. आठव्या वर्षी इंजिन घड्याळासारखं चालत होतं आणि मागचा क्रॉस मेंबर (चेसीची आडवी पट्टी) बोटानं दाबला तर पापडासारखा तुटत होता.

पारख सोपी आहे. गाडीखाली झोपा, लहान हातोडी घ्या आणि चेसी पुढून मागे ठोकत जा. चांगलं लोखंड खणखणतं. गंजानं खाल्लेलं बद्द वाजतं. आवाज बदलला तिथे खडूनं खूण करा. आणि वरून काळा रंग मारलेला असेल तर तो खरवडल्याशिवाय विश्वास ठेवू नका.

लाल_माती
निफाडात कुठला आला समुद्र? तिकडे गंज एवढा चढत नसेल.

मालवणचो
समुद्र नाही, पण खत आहे ना? पावसात पोटॅशची पोती वाहिली की तेही मीठच.

मिशिगनकर
इकडे हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ वितळवायला मीठ टाकतात. १२-१३ वर्षांच्या पिकअपचं इंजिन ठणठणीत आणि चेसी गेलेली, हे दर दुसऱ्या घरी दिसतं. आमचा नियम एकच, हिवाळा संपला की गाडीखालून गोड्या पाण्याचा जोरात फवारा.

थोडं विषयांतर: आपल्याकडच्या टाटाच्या छोट्या हत्तीएवढी किंवा अशोक लेलँडच्या दोस्तएवढी सुटसुटीत गाडी इथे मिळत नाही याचं फार वाईट वाटतं. अमेरिकेनं १९६४ पासून बाहेरून येणाऱ्या हलक्या ट्रकवर २५ टक्के आयातकर लावला. युरोपनं अमेरिकन कोंबडीवर कर बसवला त्याचं ते उत्तर होतं, म्हणून त्याला आजही 'चिकन टॅक्स' म्हणतात. कोंबडीचं भांडण मिटलं, ट्रकवरचा कर राहिला.

पांदण
कोंबडीवरून परत टोमॅटोवर येऊ. :)

अडण्याची किंमत काढा म्हणजे निर्णय होईल. ६५ कॅरेट, २० किलोचं एक, म्हणजे १३ क्विंटल माल. गाडी वाटेत बंद पडली आणि दुपारचा लिलाव चुकला, तर दुसऱ्या दिवशी त्याच मालाला कॅरेटमागे ५०-१०० रुपये कमी येतात. म्हणजे एका फेरीत ३,००० ते ६,५०० गेले, दुसऱ्या गाडीचं भाडं वेगळं. वर्षातून दोनदा अडली तरी २०,००० च्या आत. खरं सांगायचं तर हा आकडा मांडल्यावर माझंच मत डळमळलं. नवी घ्या म्हणालो होतो, आता तितकं ठामपणे म्हणवत नाही.

द्राक्षबाग
सगळ्यांचे मनापासून आभार. पांदणभाऊ, घरच्या मालाचं नुकसान सोसता येतं. पण शेजारच्यांचा माल माझ्या गाडीत असतो. ते माझ्या भरवशावर पहाटे पाचला तोडणीला माणसं लावतात. त्यांचा लिलाव चुकला तर पैसे देऊन भागत नाही.

मेस्तरी, झाकण काढून हात धरला. वाफ लागली, जोर नाही. पाइप उद्या सोडतो. चिरेचा फोटो टाकलाय.

मेस्तरी_सिन्नर
फोटो बघितला. वेल्डिंग सरळ उभ्या रेषेत मारलंय, चुकीचं आहे. सगळा ताण त्या एका रेषेवर येतो आणि शेजारूनच नवी चीर निघते. आधी चिरेच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडायचं म्हणजे ती पुढे पळत नाही. मग चीर भरायची आणि आतून जाड पट्टी बसवायची, तिची टोकं तिरकी कापलेली हवीत. हौदा उतरवल्याशिवाय हे काम कुणी करून देतो म्हणाला तर देऊ नका.

आणि स्पष्ट विचारतो, किती कॅरेट भरता? ही चीर वयानं गेलेली नाही, वजनानं गेलीय. ओव्हरलोडला कायद्यात २०,००० दंड आणि जादा प्रत्येक टनाला २,००० आहे, पण चेसीचा दंड त्याहून मोठा.

द्राक्षबाग
भाव चढे असले की ९० पर्यंत भरलेत. खोटं नाही बोलणार.

घाटमाथा
मधली वाट कुणी काढली नाही अजून. २०१८-१९ ची बीएस-४ पिकअप बघा. डीपीएफ नाही, कर्ज लागलंच तर निम्मं. बीएस-६ १ एप्रिल २०२० पासून आलं, त्याच्या आधीची नोंदणी बघायची. आमच्या भागात साडेचार ते सहा लाखांत मिळतात. आरसीवर फायनान्सचा बोजा उतरलेला आहे का, टॅक्स भरलाय का, ई-चलन थकलंय का, हे नंबर टाकून ऑनलाइन आधी बघा. आणि मालवणच्या भाऊंची हातोडी सोबत न्या.

दूधफेरी
+१. पण ही गाडी सीझनच्या तोंडावर घेऊ नका दादा. जुलैत सगळेच शोधत असतात, भाव चढलेले असतात. द्राक्षं संपल्यावर बघा.

कांदाचाळ
वाचनखूण साठवली. माझ्याकडे २०१३ ची आहे, दोन वर्षांनी हाच प्रश्न माझा.

द्राक्षबाग
तीन आठवड्यांनी लिहितोय, उशिराबद्दल माफी असावी.

पाइप सोडला तर ऑइलची धार लागली, अंगठ्यावरून मनगटापर्यंत आली. टर्बोच्या पंख्याला चांगलाच प्ले होता. टर्बोचा आतला गाभा बदलला, १६,५००. त्यानंतर ६०० किलोमीटर चाललो, डिपस्टिकवर करंगळीच्या नखाएवढं ऑइल उतरलंय. चढाला धूर जवळजवळ नाही. ८५,००० चं इंजिनकाम तूर्त रद्द. मेस्तरी, तुमचे उपकार कसे मानू कळत नाही.

दुसऱ्या गिअरचा सिंक्रो आणि फोर्क बदलला, १८,५००.

मग हौदा उतरवला. मेस्तरी म्हणाले होते तसंच निघालं, जुन्या वेल्डिंगशेजारून चार इंच नवी चीर, वरून दिसतच नव्हती. मालवणच्या भाऊंचंही खरं ठरलं. मागच्या क्रॉस मेंबरवर पांढरी खपली होती, हातोडी लावली तर बद्द. दर पावसाळ्यात खताची पोती वाहिलीत, ती तिथे मुरली होती. क्रॉस मेंबर नवा घातला, चिरेला तुम्ही सांगितली तशी पट्टी, ११,०००. सगळे मिळून ४६,०००.

फिटर म्हणाला, ६५ कॅरेटच्या आत राहिलात तर दोन वर्षं बघायला नको, पण पुन्हा पुन्हा ही चेसी सांधत बसू नका. तेव्हा घरात बसून ठरवलं: यंदाचे टोमॅटो आणि द्राक्षं हिच्यावरच. मे महिन्यात ही विकायची आणि बीएस-४ शोधायची, कर्ज तीन लाखांच्या वर जाऊ द्यायचं नाही. हौदा-रंगाच्या ३५,००० मधलेही बरेच वाचवले, पासिंगपुरता पत्रा आणि दिवे करून घेतोय.

एक गोष्ट सांगायची राहिली. हौदा उतरवल्यावर आतून धुतला, तर केबिनमागच्या फळीच्या पत्र्यावर वडिलांनी खिळ्यानं मारलेल्या दोन आडव्या रेघा दिसल्या. खालच्या रेघेपुढे '६५' आणि वरच्या रेघेपुढे '८०, घाट नाही'. पंधरा वर्षं त्या रेघांच्या पुढ्यात कॅरेट रचत होतो, चिखल आणि टोमॅटोच्या रसाखाली कधी दिसल्याच नाहीत.

दूधफेरी
वाचून गलबलून आलं दादा. ती फळी गाडीबरोबर देऊ नका.

द्राक्षबाग
आईही तेच म्हणाली.

मेस्तरी_सिन्नर
फळी बोल्टवर आहे की वेल्डिंगवर?

द्राक्षबाग
बोल्टवर. सहा आहेत, त्यातले खालचे दोन पार गंजलेत.

मेस्तरी_सिन्नर
मग आत्ताच त्या दोघांना डिझेल सोडा, दोन दिवस मुरू द्या, काढून नवे घाला आणि सहाही ग्रीस लावून आवळा. मे महिन्यात हातानं सुटतील. दुसऱ्या गाडीच्या हौद्याला भोकं जुळणार नाहीत, त्यामुळे फळीची लांबी-रुंदी आणि भोकांमधलं अंतर आज मापून कागदावर लिहून ठेवा. बीएस-४ बघायला जाल तेव्हा मला मेसेज करा, मोकळा असलो तर हातोडी घेऊन येतो.